पश्चिमेच्या भिंतीवरचं शीड

होडीची केबिन चार महिन्यांनी उघडली की आतून जो वास येतो, तो मी आजवर कुणालाही नीट समजावून सांगू शकलेले नाही. ओलं गोणपाट, उंदराचं मूत, सांडलेलं पेट्रोल आणि मागच्या मोसमात कोपऱ्यात विसरलेलं लिंबू, असं सगळं मिळून ते काहीतरी असतं. मी झाकण सरकवायची, तोंड फिरवायची, दहापर्यंत आकडे मोजायची आणि मग आत बघायची. माझा नवरा मात्र थेट डोकंच आत घालायचा आणि छाती भरून श्वास घ्यायचा. वर म्हणायचा, "आहाहा!" आम्ही दोघं किती वेगळे आहोत हे एवढ्यावरून कुणालाही कळेल.

मी बार्शीकडची. आमच्या गल्लीत पाण्याचा टँकर यायचा तेव्हा बायका एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या. त्यामुळे पाण्यावर मजा करायला जायचं, ही कल्पनाच मला आजही जराशी माजल्यासारखी वाटते. नवराही तिकडचाच. आम्ही कॉलेजात एका वर्गात होतो, म्हणून अहो-जाहो कधी नव्हतंच. पण त्याचं उलट झालं. लहानपणी पाणी पाहिलं नाही म्हणून मोठेपणी त्याला त्याचं वेड लागलं. नोकरीसाठी आम्ही पुण्याजवळ भूगावला राहायला आलो आणि बारा वर्षांपूर्वी परदेशी निघालेल्या एका गृहस्थाकडून त्याने ही होडी घेतली. अठरा फुटी, फायबरची, शिडाची, पुढे दोन माणसं कशीबशी आडवी होतील एवढी केबिन. तेव्हाच ती जुनी होती. तिचा मूळ पांढरा रंग दात न घासणाऱ्या माणसाच्या दातांसारखा झाला होता.

होडी ठेवायला मुळशी धरणाच्या कडेला, ताम्हिणीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात, जागा मिळाली. तिथल्या एका शेतकरी बाईंच्या, त्यांना आम्ही काकू म्हणतो, गोठ्याला लागून पत्र्याची शेड होती, तीत ट्रॉलीवर होडी उभी राहायची. काकू आणि त्यांचा नवरा दोघंच तिथे राहायचे. भाताची खाचरं होती, दोन म्हशी, काही शेळ्या, कोंबड्या. वरच्या अंगाची जमीन बंगलेवाल्यांना विकून झाली होती. शेडमधून उतारावरून ट्रॉली ढकलली की पावसाळ्यानंतर पाणी अगदी जवळ असायचं. उन्हाळ्यात ते दूर पळायचं आणि मध्ये नुसता काळा चिखल आणि झाडांचे खुंट उरायचे.

आम्ही गेलो की काकू चहा करायच्या. चुलीवरचा, शेळीच्या दुधाचा, धुराचा वास लागलेला. वर साय तरंगत असायची आणि कपाच्या कानाला राख. मला तो घशाखाली उतरत नसे. काकू आत वळल्या की मी तो पडवीच्या कडेला लावलेल्या जास्वंदीच्या मुळाशी ओतायची आणि कप पालथा घालून ठेवायची. दहा वर्षं मी हे करत आले. कुणाला कळू न देता करते याचा मला थोडा अभिमानही होता.

माझं कामच दोष काढायचं आहे. सॉफ्टवेअर बाजारात जाण्याआधी ते तपासायचं, कुठे फसतं ते शोधायचं, लिहून ठेवायचं. पंचवीस वर्षं हेच केल्यावर माणूस घरीही तेच करतो. भाजीत केस, भिंतीला ओल, पाहुण्यांच्या मोज्यांना वास, हे मला सगळ्यांच्या आधी कळतं. आणि मला जे कळतं ते माझ्या चेहऱ्यावर लगेच उमटतं. आई म्हणायची, "तोंड आवर." मला वाटायचं, आवरलंय की.

पाच वर्षांपूर्वी नवऱ्याचा उजवा हात थरथरायला लागला. आधी आम्ही कामाचा ताण म्हणालो, मग मानेचं दुखणं म्हणालो, शेवटी डॉक्टरांनी कंपवात म्हटलं. होडीतली त्याची शेवटची फेरी मला आठवते. वाऱ्याचा झोत आला, होडी कलली, शिडाचा दोर पटकन ढिला करायला हवा होता. दोर खुंटीला आठाच्या आकारात गुंडाळलेला. त्याची बोटं त्या गुंडाळीवर नुसती फडफडत राहिली. मी ओरडत होते. शेवटी मीच त्याच्या अंगावर पडून दोर सोडवला. किनाऱ्याला आल्यावर त्याने होडी ट्रॉलीवर चढवली, ताडपत्री बांधली आणि पुढची दोन वर्षं तिचं नाव काढलं नाही.

पण मी सांगणार आहे ती गोष्ट ही नाही. ती एका वरणभाताची आहे.

माघ महिन्यातली संध्याकाळ होती. आम्ही समोरासमोर जेवायला बसलो होतो. त्याचा हात हलला, चमचा तोंडाऐवजी गालाला लागला आणि वरण हनुवटीवरून शर्टवर ओघळलं. त्याबरोबर तोंडातला घासही थोडा बाहेर आला, लाळेसकट. मी उठले, फडकं घेतलं आणि पुसलं. त्यात काही विशेष नव्हतं, तोवर मी ते बऱ्याचदा केलं होतं. पण त्या दिवशी पुसताना माझं तोंड कसं झालं होतं ते मला दिसलं नाही. त्याला दिसलं.

मला त्याची किळस आली होती. हे लिहायला मला दोन वर्षं लागली, तेव्हा आता गोल गोल बोलण्यात अर्थ नाही. ज्या माणसाबरोबर सव्वीस वर्षं संसार केला त्याच्या लाळेची मला किळस आली, आणि ती त्याने बघितली.

दुसऱ्या दिवशी तो ताट घेऊन मागच्या खोलीत गेला. तिथे इस्त्रीचं टेबल आहे, भिंतीला लागून. त्याच्यापुढे खुर्ची ओढून, भिंतीकडे तोंड करून तो जेवला. मी विचारलं तर म्हणाला, "इथे गार वाटतं." दिवस थंडीचे होते. त्या दिवसापासून तो माझ्यासमोर जेवला नाही. लग्नाकार्याला गेलो तर नुसतं पाणी प्यायचा आणि घरी येऊन भिंतीसमोर बसायचा. माफी मागायची तर मला आधी म्हणावं लागलं असतं की हो, मला किळस आली होती. ते वाक्य माझ्या तोंडून निघेना. 'तसं काही नव्हतं' म्हणावं तर तो खोटं बोलणाऱ्याला लगेच ओळखतो.

म्हणून फाल्गुनात मी म्हटलं, "होडी दुरुस्त करूया. मी करते."

"तू?" तो म्हणाला आणि महिन्याभरात पहिल्यांदा हसला.

त्या उन्हाळ्यातला प्रत्येक शनिवार मी त्या होडीत घातला, आणि किळस म्हणजे काय ते तोवर मला ठाऊकच नव्हतं असं आता वाटतं. होडीच्या वरच्या पृष्ठभागावर, ज्याला डेक म्हणतात, पाय दिला की तो दबायचा आणि फटीतून तपकिरी पाणी यायचं. वर फायबर, खाली फायबर आणि मध्ये प्लायवूड, अशी त्याची रचना. वरचं फायबर कापून काढलं तर आतलं प्लायवूड चहात बुडवून विसरलेल्या बिस्किटासारखं झालेलं. ते मी जुन्या उलथन्याने खरवडून काढलं. त्यात गोगलगाई होत्या, पालीची अंडी होती, एका सापाची कात होती. एकदा हात घातला तर उंदराची लाल-लाल पिल्लं हाताला लागली, आणि मी जी किंचाळले ती खाचराच्या पलीकडे ऐकू गेली असणार. फायबर घासताना उडणारी भुकटी बाह्यांतून शिरून रात्रभर खाजायची. फायबर जोडायचं रेझिन केसांना चिकटलं की केस कापण्याशिवाय इलाज नाही. मी दोनदा कापले.

नवरा शेडच्या दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचा, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून, म्हणजे थरथर दिसू नये. तिथून सूचना द्यायचा. "घाई करू नकोस. आधी सगळं वाळू दे. ओल्यावर रेझिन घातलंस तर पुन्हा कुजेल."

"तू ये नि कर," मी एकदा चिडून म्हटलं. त्याने हात मांड्यांखाली आणखी आत दाबले.

नुसती डागडुजी करून भागणार नव्हतं. होडी अशी करायची होती की थरथरणाऱ्या हाताला ती चालवता येईल. सगळे दोर कप्प्यांमधून फिरवून मागे, त्याच्या बसायच्या जागेपाशी आणले. गुंडाळायच्या खुंट्या काढून टाकल्या आणि दातेरी पकडी बसवल्या. त्यात दोर नुसता ओढला की धरला जातो आणि वर झटकला की सुटतो, बोटांचं काम नाही. सुकाणूच्या दांड्याला क्रिकेटच्या बॅटची रबरी मूठ चढवली, एकीवर एक अशा तीन, म्हणजे पकडायला जाड होईल. पाठीला टेकायला पट्टा लावला. आणि मुंबईच्या एका शीड शिवणाऱ्याकडून नवीन शीड करून घेतलं. जुन्यापेक्षा लहान, वाऱ्याने होडी फार कलू नये म्हणून. ते शीड आलं तेव्हा नवऱ्याने त्यावर हात फिरवला. नव्या शिडाचं कापड कडक असतं, हाताखाली कागदासारखं करकरतं. तो म्हणाला, "ऐकलंस? नवं आहे." शीड बघून त्याचा चेहरा जो उजळला, तो भिंतीसमोर बसणाऱ्या माणसाचा चेहरा नव्हता. कार्तिकात पाणी वर आलं की याला मी या शिडाखाली बसवणार, असं मी त्या क्षणी मनाशी पक्कं केलं. होडीत आम्ही समोरासमोर बसू. तिथे इस्त्रीचं टेबल नसेल.

दर शनिवारी काठावर पुण्याची मंडळीही असायची. त्यांच्याबद्दल थोडक्यात सांगते, कारण थोडक्यातच सांगण्यासारखी ती आहेत. गाडीची दारं उघडी टाकून गाणी लावायची, कोंबडी खायची, थर्माकोलच्या थाळ्या पाण्यात सोडायच्या. एकाने आमच्या ट्रॉलीच्या चाकावरच लघवी केली. मी समोर उभी असताना! मी त्याला जे बोलले ते ऐकून काकूंची म्हैसही दचकली असेल. "सॉरी आँटी," तो म्हणाला आणि चेन वर ओढली.

ज्येष्ठात ढग आले. मुळशीत पाऊस सरळ पडत नाही, पश्चिमेकडून आडवा येतो आणि भिंतीतून आत शिरतो. म्हणून त्याआधी तिथली माणसं घराची पश्चिमेची भिंत झाकून घेतात. पूर्वी गवत आणि पेंढा लावायचे, आता प्लास्टिक, जुने फ्लेक्स, मिळेल ते. वर बांबूच्या पट्ट्या आणि खिळे. त्या शनिवारी काकू तेच करत होत्या आणि कापड कमी पडत होतं. शेडमध्ये उंदीर, म्हणून मी दोन्ही शिडं काकूंच्या घरात ठेवायला घेऊन आले होते. दोन सारख्या निळ्या पिशव्या होत्या, त्या मी पडवीत टाकल्या आणि म्हटलं, "काकू, यातलं चांगलं शीड नीट आत ठेवा. दुसरं भिंतीला लावा हवं तर, आता त्याचा काही उपयोग नाही."

"बरं झालं. बसा, च्या ठिवलाय," काकू म्हणाल्या.

"नको, पाऊस येईल, निघते," मी म्हटलं आणि निघालेच. दोन मिनिटं थांबून पिशव्या उघडून दाखवल्या असत्या तर पुढचं काही घडलं नसतं. पण दोन मिनिटं थांबले असते तर चहा आला असता. आणि कोणतं चांगलं हे काय सांगायचं? एक नवंकोरं आणि एक बारा-पंधरा वर्षं वापरलेलं, मळकं, शिवणीत उसवलेलं. आंधळ्यालाही कळेल असं मला वाटलं.

पावसाळाभर नवरा विचारायचा, "शीड कोरडं असेल ना?" मी म्हणायची, "असेल." आणि तो ताट घेऊन मागच्या खोलीत जायचा.

दसरा झाल्यावर मी एकटीच गेले. म्हटलं, आधी केबिन धुऊन घेऊ, तो वास जाऊ दे, मग त्याला आणू. वाटेतलं पौड गाव सोडलं, धरणाच्या कडेकडेने वळणं घेत निघाले आणि काकूंच्या घराच्या अलीकडच्या वळणावरूनच मला ते दिसलं. पश्चिमेच्या भिंतीवर, छपरापासून जोत्यापर्यंत, माझ्या नवऱ्याचं नवं शीड. आडव्या बांबूच्या पट्ट्या, पट्टीला वीतभर अंतरावर खिळा. प्रत्येक खिळ्यापाशी कापड फाटून लांबलचक चीर गेलेली. खालचा अर्धा भाग शेवाळाने हिरवा, त्यावर म्हशींनी अंग घासल्याचे शेणाचे फराटे. एक टोक सुटून वाऱ्यावर अजून करकरत होतं. ते चार महिने तसंच फडफडत असणार. खाली जोत्यावर पसरलेल्या कडेवर कोंबड्या शिटल्या होत्या.

मी गाडीतून उतरले ती थेट भिंतीकडे गेले. काकू पडवीतून बाहेर आल्या. "आलाव का? च्या टाकते," त्या म्हणाल्या.

"हे काय केलंत?" मी ओरडले. "हे काय केलंत तुम्ही? मी सांगितलं होतं ना चांगलं आत ठेवा म्हणून! डोळे आहेत का नाहीत?"

काकू गोंधळल्या. "चांगलं आतच हाय की. पेटीत ठिवलंय. दावते या."

त्यांनी मला आत नेलं. लोखंडी पेटीत, लुगड्यांच्या खाली, कसर लागू नये म्हणून निरगुडीच्या पाल्याचे थर लावून, आमचं जुनं शीड घडी करून ठेवलेलं होतं. त्यांनी ते धुतलं होतं. जिथे जिथे उसवलं होतं तिथे दुहेरी दोऱ्याने, वाकळेला घालतात तशा जवळजवळ टाक्यांनी शिवलं होतं. आणि तिन्ही कोपऱ्यांना, जिथे कापड विरलं होतं, तिथे जुन्या हिरव्या लुगड्याची चार-चार पदरी ठिगळं होती.

"ह्ये कापड बगा कसं मऊ हाय," काकू त्यावर हात फिरवत म्हणाल्या. "आन् जाड हाय. आसं कापड कोन टाकतंय व्हय? म्या म्हनलं, ह्येच चांगलं. त्ये दुसरं नुसतं कागदागत वाजतंया, त्ये पिशवीबरूबर आलेलं आसंल वरचं गुंडाळायचं."

बरोबरच होतं. ज्या बाईने जन्मभर वाकळा शिवल्या, तिचा हात मऊ आणि जाड कापडालाच चांगलं म्हणणार. पण हे मला आज सुचतंय. तेव्हा मला दिसत होतं एक गोधडी झालेलं शीड, लुगड्याची ठिगळं, निरगुडीचा उग्र वास, त्या अंधाऱ्या खोलीतला धूर. मी दोन बोटांनी त्याचा कोपरा उचलला आणि सोडून दिला.

"शी!" मी म्हटलं. "कुणाच्या अंगावरचं लुगडं आहे हे? हे लावून होडी चालवायची? तुम्हाला काही कळत नाही तर हात कशाला लावायचा?"

 काकूंनी पेटीचं झाकण हळूच लावलं आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"चुकलं आमचं," त्या म्हणाल्या. "भरून देऊ म्हनलं तर आमची आयपत न्हाई. पन बाई, तुमी ह्ये त्वांड करता न्हवं, आत्ता क्येलंत त्ये, त्ये आमी धा वर्सं बगतोय. कप हातात घेता, फुकता, आन् म्या आत वळले का जास्वंदीत वतून देता. आमाला काय दिसत न्हाई व्हय? खिडकी हाय की हितं. सायेब आमच्या तोंडाकडं बगून कप संपवायचे. तुमी न्हाई. म्या कवा काय म्हनले का? पन त्वांड आसं करू नगा. मानूस मरतं आतल्या आत."

मी तशीच गाडीत येऊन बसले. केबिन न धुता, शीड न घेता. पौडच्या एसटी स्टँडसमोर गाडी कडेला लावली, कारण पुढचं दिसत नव्हतं. मागचे आठ महिने मी स्वतःला सांगत होते की त्या वरणभाताच्या दिवशी एकदाच चूक झाली, थकलेली होते, एखादा क्षण असतो. पण ते एकदाचं नव्हतंच. मी पहिल्यापासून तशीच होते. फक्त इतरांना मी सोडून निघून जात होते आणि नवऱ्याला ती सोय नव्हती. मला माझीच जी किळस आली, तिच्यापुढे केबिनचा वास काहीच नाही.

घरी आल्यावर नवऱ्याला शिडाचं सांगितलं. त्याने डोळे मिटून घेतले. मला वाटलं, संपलं. मग म्हणाला, "वाकळेचे टाके मजबूत असतात. खालचा भाग गुंडाळून बांधला तर जुनंही लहान होईल. घेऊन ये."

पुढच्या शनिवारी गेले. काकूंनी चहा आणला आणि आत गेल्या नाहीत. कमरेवर हात ठेवून समोर उभ्या राहिल्या. मी सगळा प्याले, सायीसकट. चव वाईटच होती.

"आजून देऊ?" त्यांनी विचारलं.

"नको काकू. मला शेळीच्या दुधाचा नाही आवडत."

"मंग तसं म्हनायचं व्हतं की पयल्या दिवशी," काकू वैतागून म्हणाल्या. "बिनदुदाचा क्येला आसता. धा वर्सं माजी जास्वंद मारलीत उगं." त्यानंतर त्यांनी पेटी उघडली. मी शीड दोन्ही हातांनी, छातीशी धरून उचललं. माफी मागितली. त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या," आणि शेळ्या सोडायला गेल्या.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी होडी पाण्यात गेली. काकू आणि त्यांच्या नवऱ्याने माझ्या नवऱ्याला दोन्ही काखांत धरून आत बसवलं. त्याच्या बुटाला चिखल, माझ्या गुडघ्यापर्यंत चिखल, त्यात कुजलेल्या पानांची घाण. शीड वर चढलं. हिरवी ठिगळं उन्हात अगदी उठून दिसत होती, आणि मला ती अजूनही कुरूपच वाटत होती. वारा भरला आणि एकही टाका हलला नाही.

त्याने सुकाणूचा दांडा धरला. हात थरथरतच होता, पण जाड मुठीवर त्याचं फारसं काही बिघडत नव्हतं. एकदा झोत आला तेव्हा त्याने मनगटानेच दोर वर झटकला, दोर सुटला, होडी सरळ झाली. त्याने माझ्याकडे बघितलं. मी ओरडले नव्हते.

दुपारी धरणाच्या मध्यावर वारा पडला. काकूंनी फडक्यात भाकरी, पिठलं आणि मिरचीचा ठेचा बांधून दिला होता. मी ते सोडलं आणि त्याच्यापुढे धरलं. त्याने नेहमीसारखं इकडेतिकडे पाहिलं. जायला खोली नव्हती. वळावं तर सुकाणू सोडावं लागणार होतं, आणि सुकाणूवर बसलेल्या माणसाचं तोंड होडीत बसलेल्या दुसऱ्या माणसाकडेच असतं.

"नंतर खातो," तो म्हणाला.

"खा."

त्याने एक तुकडा मोडला. तोंडाशी नेताना पिठलं दाढीला लागलं, अर्धा घास आत गेला आणि चावलेला अर्धा तुकडा परत हातातल्या भाकरीवर पडला. तो ओला होता. त्याने पटकन मान खाली घातली आणि भाकरी फडक्यात लपवायला लागला.

मी त्याच्या हातून ती भाकरी घेतली आणि तो तुकडा उचलून तोंडात टाकला. मला किळस आली. आली नाही असं मी लिहिणार नाही. जिभेवर ते मऊ, कोमट लागलं. मी गिळलं. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, एकटक, आणि मी तोंड फिरवलं नाही.

"तस्संच होतंय अजून तुझं तोंड," तो म्हणाला.

"होऊ दे," मी म्हटलं. "त्या दिवशीही झालं होतं. मला किळस आली होती. तू बघितलंस ते खरं होतं."

 होडी जागच्या जागी हलत होती आणि शीड सैल पडलं होतं. मग त्याने थरथरता हात माझ्यापुढे केला.

"दे इकडे," तो म्हणाला. "माझी भाकरी आहे ती."

आणि माझ्यासमोर, माझ्याकडे तोंड करून, सांडत सांडत, त्याने ती सगळी संपवली.